नाताळच्या करंज्या कोण करतं? घरकामाच्या वाटणीबद्दल थोडंसं



डिसेंबरमध्ये वर्गात 'माझा आवडता सण' हा निबंध दिला की आमच्या नवापूर तालुक्यातली बरीच मुलं नाताळवर लिहितात. वाक्यं साधारण ठरलेली असतात. "आमच्या घरी करंज्या करतात. घर सारवतात. चांदणी लावतात. पाहुण्यांना जेवण देतात." वाक्यं शुद्ध आहेत, गुण द्यायला हरकत नाही. पण व्याकरण शिकवताना आपण मुलांना सांगतो, की क्रियापदाला 'कोण' हा प्रश्न विचारला की कर्ता सापडतो. म्हणून मी हाच प्रश्न निबंधाला विचारायला सांगते. करंज्या करतात, कोण? घर सारवतात, कोण? भांडी घासतात, कोण? वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "आई!" मग "ताई!", "आजी!" आणि चांदणी कोण लावतं म्हटलं की मुलगे हात वर करतात, "मी आणि बाबा!"

या एका प्रश्नातून नाताळच्या कामाचा सगळा हिशेब बाहेर येतो, आणि तोच आज तुमच्यासमोर मांडायचा आहे.

जे वाचक बाहेरच्या जिल्ह्यातले आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. नंदुरबार म्हटलं की मिरची, सातपुडा आणि काठीची राजवाडी होळी आठवते. पण नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, विसरवाडी या पट्ट्यात नाताळही मोठा सण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनरी आले, तेव्हापासून इथल्या आदिवासी समाजात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. आज एकाच गावात, कधी एकाच भावकीत, डोंगऱ्यादेव मानणारं घर आणि चर्चला जाणारं घर शेजारी शेजारी असतं. फराळाची देवाणघेवाण दोन्हीकडून चालते. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे ते दिवाळीला आणि होळीलाही तसंच लागू आहे. मी नाताळ निवडला, कारण या सणात एक अडचण जास्त आहे.

ती अडचण म्हणजे सुट्टी. जिल्हा परिषदेच्या शाळेला दिवाळीला सुट्टी असते, नाताळला मात्र फक्त २५ डिसेंबर. शेतात त्या वेळी तूर काढणीला येत असते, कापूस, मिरची तोडायचं काम असतं, मजुरी चुकवून चालत नाही. मग सणाचं काम करायचं कधी? पहाटे आणि रात्री. आई पाचला उठून सारवते, दिवसभर शेतात जाते, रात्री रवा भाजायला बसते. तिच्या जोडीला कोण? घरातली मोठी मुलगी. २२, २३, २४ तारखेला माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे जे शून्य दिसतं ते आजारपणाचं नसतं. ज्या येतात त्यातल्या काही परिपाठालाच जांभया देतात. त्याच घरातला भाऊ रात्री कॅरल गाणाऱ्या मुलांबरोबर घरोघर फिरून आलेला असतो आणि तोही जांभया देतो, पण त्याची झोप वेगळ्या कारणाने मोडलेली असते.

आता आकडे बघू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली जानेवारी ते डिसेंबर देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणूस दिवसाचे चोवीस तास कशात घालवतो, हे त्यात नोंदवलं. एका दिवसात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम स्त्रियांपैकी ८१.२ टक्के जणी करत होत्या आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के जण. म्हणजे चारातले जवळजवळ तीन पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नव्हते. जे लावत होते त्यांचा वेळ सरासरी ९७ मिनिटं, आणि स्त्रियांचा २९९ मिनिटं. पाच तासांना एक मिनिट कमी! यात मुलं सांभाळणं, आजारी माणसाचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात हेच आकडे घेतले आणि गृहिणीच्या कामाला पैशात किंमत धरलीच पाहिजे, असं सांगितलं.

शिक्षक म्हणून मला त्या पाहणीतली एक बारीक गोष्ट जास्त लागली. ती सहा वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांची आहे. म्हणजे आपल्या पहिलीच्या वर्गातली मुलगीसुद्धा त्या हिशेबात आहे.

यावर पालकसभेत हमखास एक उत्तर येतं. "मॅडम, आम्हीपण कामं करतो की! लाकडं फोडतो, बाजार आणतो, माळा लावतो, कोंबडी कापतो." खरं आहे, ही कामं आहेत आणि जड आहेत. पण दोन प्रकारच्या कामांमधला फरक पाहा. लाकडं एकदा फोडली की आठवडाभर बघायला नको. चांदणी एकदा टांगली की नव्या वर्षापर्यंत टांगलेली राहते, आणि येणारा-जाणारा "वा, छान लावली!" म्हणतो. स्वयंपाक मात्र दुपारी संपला की संध्याकाळी परत उभा. भांडी घासून पालथी घातली तोवर पुढचे पाहुणे चहाला हजर. हापशावरून आणलेलं पाणी संपतं आणि परत आणावं लागतं. जी कामं संपत नाहीत आणि केल्यावर दिसत नाहीत, ती सगळी एका बाजूला गेली आहेत. भांडी घासलेली कोणाला दिसत नाहीत, न घासलेली लगेच दिसतात.

ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. फडात दोघं बरोबरीने राबतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. कोपीवर परत आल्यावर चूल मात्र अर्ध्याच कोयत्याची. म्हणून 'बाई घरीच तर असते' हे कारणही आपल्याकडे टिकत नाही.

बरं, पुरुषांना स्वयंपाक येत नाही असं म्हणावं, तर नाताळातच त्याच्या उलट दिसतं. सणाच्या उपासनेनंतर मंडळीचं प्रीतिभोजन असतं, तेव्हा चर्चच्या आवारात दगडांच्या चुली कोण मांडतं? पुरुष. मोठमोठ्या पातेल्यांत भात, वरण, मटण कोण शिजवतं? पुरुष. कांद्याची रास चिरायला तरुण पोरं बसलेली असतात, डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने गाणी. मीठ किती, तिखट किती, भाताला पाणी किती, सगळं त्यांना अंदाजाने कळतं. लग्नाच्या मांडवातही हेच. तीनशे माणसांचा भात न करपवता उतरवणारा माणूस घरी चार माणसांचा भात करत नाही, तेव्हा अडचण हाताची नसते, जागेची असते. अंगणातलं पातेलं ढवळणं हा मान आहे, आणि घरातलं ढवळणं हे बायकांचं काम आहे, एवढंच.

आश्रमशाळेतल्या मुलांचंही बघा. तिथे पाचवीचा मुलगा स्वतःचं ताट धुतो, कपडे धुतो, अंथरूण घडी करतो. सुट्टीला घरी आला की जेवून उठतो आणि ताट जागेवरच ठेवतो. चार दिवसांत विसरला का? नाही. घरी ते त्याचं काम नाही, हे त्याला कोणी न सांगता समजलेलं असतं.

आता करंजीकडे येऊ, कारण कामाची वाटणी समजावायला करंजीइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. करंजी एकट्याने करण्याचा पदार्थच नाही. रवा भाजायचा, खोबरं किसून भाजायचं, पिठीसाखर, वेलची घालून सारण करायचं. कडकडीत मोहन घालून पीठ घट्ट मळायचं आणि झाकून ठेवायचं. मग लाट्या, पारी लाटणं, सारण भरणं, कडा दाबणं, कातणाने कापणं, तळणं. यातलं प्रत्येक काम पुढच्यासाठी थांबलेलं असतं. लाटलेली पारी उघडी राहिली की सुकते आणि करंजी तळताना फुटते. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्या लागतात. तेल तापलं की वाट बघत नाही. म्हणजे लाटणारा, भरणारा आणि तळणारा असे निदान तीन जण एका वेळी हवेत. एकटी बाई करते तेव्हा ती दहा लाटते, उठते, तळते, परत बसते. गुडघे दुखतात ते त्या उठण्या-बसण्याने.

मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला कुलकुल करतात. पिठाची छोटी गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी दिसते, मग तळून साखरेत घोळवायची. कुलकुल करायला घरातली सगळी जण एकत्र बसतात, लहान मुलं, काका, आजोबासुद्धा. फार सुंदर रीत आहे. तरी माझा शिक्षकी स्वभाव मला विचारायला लावतो, की पीठ कोणी मळलं? तळायला कढईपाशी कोण उभं होतं? आणि सगळे उठल्यावर तेलकट कढई आणि पिठाने माखलेली परात कोणाच्या वाट्याला आली? वळण्याचं काम गमतीचं आहे, म्हणून ते वाटलं गेलं. अलीकडचं आणि पलीकडचं काम तिथेच राहिलं असेल तर ती 'मदत' झाली, वाटणी नाही.

मदत आणि वाटणी यातला फरक मुलांना सांगताना मी प्रत्येक कामाचे तीन तुकडे करून दाखवते. एक, काम लक्षात ठेवणं. दोन, काम करणं. तीन, नंतरचं आवरणं. समजा बाबा म्हणाले, "मी बाजारातून सामान आणतो." छान. पण रवा किती, तेल किती, वेलची संपली आहे का, बेकिंग पावडर मागच्या वर्षीची आहे का, ही यादी आईने डोक्यात तयार केली, तिनेच सांगितली, आणि पिशव्या आल्यावर डब्यांत तिनेच भरलं. तीन तुकड्यांपैकी मधला एकच तुकडा बाबांनी केला. पहिला तुकडा तर दिसतच नाही. "मला सांगितलं असतं तर मी केलं असतं" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात 'सांगणं' हेही एक काम आहे, आणि ते चोवीस तास चालू असतं. तेव्हा वाटणी म्हणजे एखादं काम तिन्ही तुकड्यांसकट एकाच्या नावावर जाणं. चहा बाबांचा, म्हणजे साखर संपल्याचं बाबांनाच कळलं पाहिजे आणि गाळणीसुद्धा बाबांनीच धुतली पाहिजे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पुष्कळदा आईच म्हणते, "राहू दे, तुला नाही जमायचं." आपण लगेच म्हणतो, बघा, बायकाच मुलांना बिघडवतात. मला हा आरोप पटत नाही. पाहुणे आल्यावर करंजी वाकडी दिसली, घर नीट सारवलेलं नसलं तर बोल कोणाला लागतो? सासू, नणंद, शेजारीण कोणाकडे बघते? बाबांकडे नाही. नाव आईचं जाणार असेल तर ती काम हातातून कसं सोडेल? म्हणून वाटणी करायची तर बोल खाण्याचीही करावी लागते. "या वर्षी करंज्या मी आणि मुलाने केल्यात, म्हणून अशा आहेत," हे पाहुण्यांसमोर बाबांनी हसत सांगितलं की आईच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं. वाकडी करंजी चवीला सारखीच लागते.

ख्रिस्ती पालकांशी बोलताना मला मार्था आणि मरीयेची गोष्ट उपयोगी पडते. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. येशू घरी आलेला, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे, आणि मार्था कामाने बेजार होऊन तक्रार करते. मरीयेने चांगला वाटा निवडला, असं येशू सांगतो. बायकांनी बसून ऐकावं, शिकावं, हे त्या काळी कोणी सांगणं मोठी गोष्ट होती. पण त्या दिवशी स्वयंपाक शेवटी कोणी केला, हे तिथे लिहिलेलं नाही. आमच्या एका पालक आजींनी याच्या पुढचा मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, "मार्थाने मरीयेलाच उठवायला सांगितलं. बाकीचे पुरुष बसलेच होते की." मी निरुत्तर! योहानाच्या शुभवर्तमानात तर येशू स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासे, भाकर तयार ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. हे उपदेशात येतंच. पाळकसाहेबांनी नाताळच्या आधीच्या रविवारी त्याला स्वयंपाकघराशी जोडून दिलं, तर शाळेच्या दहा पालकसभांचं काम एका उपासनेत होईल.

आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क आणि केरी भागात, ६ जानेवारीला 'बायकांचा नाताळ' पाळण्याची जुनी पद्धत आहे. बारा दिवसांचा सण संपतो त्या दिवशी घरकाम पुरुष करतात आणि बायका एकमेकींकडे किंवा बाहेर जातात. ऐकायला गोड वाटतं. पण बारा दिवस राबल्यावर एक दिवस सुट्टी, हे आपल्या बैलपोळ्यासारखं झालं. बैलाला त्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी जू मानेवर. तेव्हा एका दिवसाचा कार्यक्रम नको, रोजची दोन कामं कायमची बदलायला हवीत.

शाळेत काय करता येईल? पाठ्यपुस्तक आपल्या बाजूचं आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडत आहेत असं चित्र छापलं, त्याची तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चाही झाली. २०२४ मध्ये केरळच्या तिसरीच्या पुस्तकात स्वयंपाकघरात नारळ खवणारे वडील आले. चित्र दाखवून "यात काय वेगळं दिसतं?" एवढंच विचारा आणि मुलांना बोलू द्या. माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "आमचे बाबापण निवडतात, पण दार लावून." सगळे हसले. तोही हसला. मी मात्र त्या बाबांचं कौतुक केलं.

परिसर अभ्यासातला कुटुंबाचा पाठ आणि कार्यानुभवाचा तास जोडून एक कागद करता येतो. नाताळच्या आठवड्यातली घरातली सगळी कामं मुलांनी आठवून लिहायची. वर्गात फळ्यावर यादी चाळीसच्या पुढे सहज जाते, कारण 'पाहुण्यांची अंथरुणं घालणं', 'आजीच्या गोळ्या आठवणीने देणं' असं काहीबाही निघत राहतं. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: कोण लक्षात ठेवतं, कोण करतं, कोण आवरतं. कागद घरी न्यायचा, घरच्यांना विचारून भरायचा. भरून आणल्यावर वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. काहींच्या घरी आई नसते, काहींचे आई-बाप तोडीवर गेलेले असतात आणि सगळं आजोबाच करत असतात. मुलाने स्वतः कागदाकडे बघितलं तरी पुरे. मग त्याने त्यातली दोनच कामं, तिन्ही रकान्यांसकट, स्वतःच्या नावावर घ्यायची. मुलीने उलट करायचं: तिच्या नावावरची दोन कामं कोणाला देता येतील ते बघायचं.

कोणत्या वयाला काय? पहिली-दुसरीचं मूल लसूण सोलू शकतं, तांदळातले खडे निवडू शकतं, ताटं-वाट्या मांडू शकतं, स्वतःचं ताट धुऊ शकतं. तिसरी-चौथीला झाडणं, सारण भरणं, कडा दाबणं, कपडे वाळत घालणं, धाकट्याला आंघोळ घालणं जमतं. पाचवीनंतर मोठ्या माणसाच्या नजरेखाली भात, चहा, पोहे. गरम तेलाची कढई मात्र प्राथमिकच्या कोणत्याही मुलाला नको, मुलीलासुद्धा नको. हे मुद्दाम लिहिते, कारण आपण मुलाला "लहान आहे, भाजेल" म्हणतो आणि त्याच वयाच्या मुलीला झारा देतो. चूल असेल तर नायलॉनचे, झिरमिळ्यांचे सणाचे कपडे घालून तिच्याजवळ जाऊ देऊ नका. आणि काम कितीही वाटलं तरी झोप आणि शाळा त्यातून वजा व्हायला नको.

कौतुकाचं माप सारखं ठेवा. मुलाने कप विसळला की घरभर टाळ्या, व्हिडिओ, स्टेटस. बहिणीने वीस माणसांची भांडी घासली तर "झाली का?" एवढंच. मुलं हा फरक लगेच टिपतात. कप विसळणं ही बातमी नाही, म्हणून तिला बातमीसारखं वागवू नका.

कागद २० डिसेंबरच्या आधी घरी जाईल असं बघा, कारण त्यानंतर कोणाला वेळ नसतो. भिंतीवर चिकटवला असेल तर २५ ला काढू नका. २६ ला मामा, आत्या मुक्कामाला येतात, ३१ च्या रात्रीच्या उपासनेनंतर परत चहा होतो, १ जानेवारीला परत जेवण. खरी खरकटी भांडी त्या आठवड्यात पडतात. तुमच्या वर्गात यादी किती लांब झाली ते जरूर कळवा, आणि आमच्या चाळीसात नसलेलं एखादं काम सापडलं तर तेही.